केसांचं रोपण : टाक्याचं की बिनटाक्याचं?

लग्नाच्या बायोडेटावरचा फोटो ही वऱ्हाडातल्या शेतकरी घरांत अलीकडे फार मोठी गोष्ट होऊन बसली आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आधीच कठीण. त्यात पंचविशी गाठायच्या आत कपाळ मागे सरकायला लागलं, की आई म्हणते, "तुह्या बाबाचं बी असंच होतं," आणि मुलगा रात्री मोबाइल घेऊन बसतो. वलगावसारख्या, अमरावतीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या गावात बसलेल्या या मुलापर्यंत पुण्या-मुंबईची, नागपूरची, अगदी इस्तंबूलची जाहिरात एकाच वेळी पोचते. बिनटाक्याचं, बिनदुखण्याचं, एका दिवसात पाच हजार ग्राफ्ट, हप्ते सोयीचे. मग एफयूटी, एफयूई, डीएचआय, सफायर अशी नावं समोर येतात आणि प्रश्न पडतो : यातली चांगली पद्धत कोणती?

प्रश्न रास्त आहे. पण जाहिरातींनी तो ज्या जागी आणून ठेवला आहे, ती जागा चुकीची आहे. पद्धतीची निवड हा या शस्त्रक्रियेतला तिसरा किंवा चौथा निर्णय असायला हवा. तो पहिला झाला, की पुढचे सगळे विक्रेत्याच्या सोयीने होतात.

मुळात केसांचं रोपण म्हणजे काय, हे वरुड-मोर्शीकडच्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजेल. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंट जंबेरीचा असला तरी त्या डोळ्यातून फुटणारी फांदी संत्र्याचीच फळं देते. केसांचंही तसंच आहे. पुरुषांत आढळणाऱ्या आनुवंशिक टकलात कपाळाकडचे आणि टाळूवरचे केस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या परिणामाने बारीक होत होत संपतात. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस मात्र बहुतेकांत टिकून राहतात. ते मुळासकट काढून पुढे लावले, तरी आपला टिकाऊपणा सोबत घेऊन येतात. जपानच्या शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये अशा केसरोपणाचं काम प्रसिद्ध केलं होतं; पण युद्धामुळे ते जगापर्यंत पोचलं नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइच यांनी १९५९ मध्ये हा नियम नीट मांडला आणि तिथून ही शस्त्रक्रिया सुरू झाली.

सुरुवातीची अनेक वर्षं ती दिसायला वाईटच होती. चार मिलिमीटरचे गोल तुकडे काढून लावत. प्रत्येक तुकड्यात दहा-वीस केस असत, आणि डोकं बाहुलीच्या डोक्यासारखं दिसे. केस मुळात एक ते चारच्या जुडग्याने उगवतात. या नैसर्गिक जुडग्यांनाच वेगळं करून लावलं तर रोपण ओळखू येत नाही, हे १९९०च्या दशकात पक्कं झालं. आज ग्राफ्ट म्हणतात ते हे जुडगं. ते मागून काढायचं कसं, एवढाच टाक्याच्या आणि बिनटाक्याच्या पद्धतींतला मुख्य फरक आहे. पुढे लावण्याचं काम दोन्हींत जवळपास सारखं असतं.

टाक्याच्या पद्धतीत, म्हणजे एफयूटीत, डोक्याच्या मागून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीची आणि गरजेप्रमाणे वीस-तीस सेंटिमीटर लांबीची त्वचेची पट्टी काढतात. जखम टाके घालून शिवतात. पट्टीतली जुडगी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून सुटी करतात. केस कापायचे ते त्या पट्टीपुरतेच. वरचे लांब केस खाली आले की जखम झाकली जाते. दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात. मागे आडवी रेघ राहते. चांगल्या हाताने शिवलेली असेल तर ती दोनेक मिलिमीटरची असते, वाईट हाताने शिवलेली असेल तर बोटाएवढी. मशीन फिरवून बारीक केस ठेवणाऱ्याला ती लपवता येत नाही.

बिनटाक्याच्या पद्धतीत, एफयूईत, सारा मागचा भाग भादरून मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी व्यासाच्या पोकळ पंचने एकेक जुडगं सुटं करून चिमट्याने ओढून काढतात. टाका नाही, रेघ नाही, दुखणं कमी, आठ-दहा दिवसांत माणूस कामाला लागतो. या पद्धतीवरचा महत्त्वाचा शोधनिबंध २००२ मध्ये आला आणि पुढच्या काळात तिने बाजार व्यापला. तिची सोय खरी आहे. शेतात राबणाऱ्याला तर ती विशेष खरी. पट्टी काढलेल्या माणसाने काही आठवडे वाकून ओझं उचलायचं नसतं, नाही तर जखमेवर ताण येऊन व्रण रुंदावतो. कापसाची बोचकी, युरियाची पोती उचलणाऱ्याला हे जमवणं अवघड.

पण 'व्रण नाही' ही जाहिरातीतली ओळ निव्वळ थाप आहे. एफयूईत एका रेघेऐवजी दोन-अडीच हजार ठिपके राहतात. प्रत्येक छिद्र त्वचेला पडलेली जखमच असते आणि ती पांढुरक्या बिंदूने भरून येते. केस विरळ अंतराने काढले असतील तर हे ठिपके दिसत नाहीत. घाईने, एकाच भागातून ओरबाडून काढले असतील तर मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं, आणि त्यावर फारसा उपाय उरत नाही. दुसरं असं, की पंच त्वचेखाली डोळ्याला न दिसणाऱ्या मुळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हात चुकला की मूळ मधोमध कापलं जातं. सुटून आलेल्या जुडग्याभोवती मांस कमी असतं, त्यामुळे ते हाताळताना लवकर सुकतं. आणि मोठा आकडा गाठायचा असला की शल्यक पंच घेऊन टिकाऊ पट्ट्याच्या बाहेर जातो. तिथले केस पुढे दहा वर्षांनी गळणारेच असतात. ते पुढे लावले तरी गळणार, कारण कलमाने आपला स्वभाव सोबत आणलेला असतो.

म्हणूनच टाक्याची पद्धत जुनी आणि टाकाऊ, बिनटाक्याची नवी म्हणून चांगली, ही मांडणी पटणारी नाही. ज्याला केस बारीक ठेवायचे आहेत, ज्याचं टक्कल थोडं आहे, ज्याच्या डोक्याची त्वचा घट्ट आहे, ज्याला दाढीचे केसही वापरावे लागणार आहेत किंवा जुन्या टाक्याची रेघ झाकायची आहे, त्याला एफयूई बरी. ज्याचं टक्कल मोठं आहे, जो केस लांब ठेवतो, किंवा जी स्त्री आहे आणि जिला मागचं डोकं भादरून घ्यायचं नाही, तिच्यासाठी टाक्याची पद्धत आजही उत्तम आहे. आयुष्यभरात जास्तीत जास्त ग्राफ्ट हवे असतील तर आधी पट्टी आणि काही वर्षांनी एफयूई, असा क्रमही अनुभवी शल्यक सुचवतात. ज्या केंद्रात दोन्ही पद्धती येतात, तिथला सल्ला ऐकण्यासारखा असतो. जिथे एकच येते, तिथे प्रत्येक डोक्याला तीच लागू पडते.

डीएचआय आणि सफायरबद्दल थोडक्यात. डीएचआय ही काढण्याची वेगळी पद्धत नाही. केस एफयूईनेच काढतात. लावताना आधी चीर पाडून चिमट्याने बसवण्याऐवजी पेनसारख्या उपकरणाने एका दमात आत सोडतात. असलेल्या केसांच्या मध्ये लावताना ते सोयीचं पडतं. सफायर म्हणजे चीर पाडायचं पातं पोलादाऐवजी नीलमण्याचं. यांनी दर बराच वाढतो, निकालात पडणारा फरक मात्र हातावर अवलंबून असतो.

आता त्या आधीच्या प्रश्नाकडे. डोक्याच्या मागचा टिकाऊ पट्टा ही ठेव आहे, आणि तिच्यात भर पडत नाही. काढलेल्या जागी नवा केस उगवत नाही. साधारण माणसाच्या त्या पट्ट्यातून आयुष्यभरात पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात, काहींत त्याहून कमी. आता गणित करावं. पूर्ण वाढलेलं टक्कल दोनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. डोळ्याला भरलेलं दिसायला चौरस सेंटिमीटरला तीस-पस्तीस ग्राफ्ट तरी लागतात. म्हणजे सहा-सात हजार. ठेव संपून जाते आणि तरीही पुरत नाही. त्यामुळे चांगला शल्यक पुढचा भाग आधी भरतो, कपाळाची रेघ वयाला शोभेल अशी वर ठेवतो आणि टाळू विरळ सोडतो.

चोविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार, हे कोणालाच पुरतं ठाऊक नसतं. अशा मुलाने शाळकरी फोटोतली खालची कपाळरेघ मागितली आणि कुणी तीन-चार हजार ग्राफ्ट ओतून ती दिली, तर लग्नाचा फोटो झकास येईल. पस्तिशीत मात्र मागचे मूळचे केस गळून पुढे केसांचं एक बेट आणि मागे मोकळं मैदान उरेल. ते भरायला ठेव शिल्लक नसेल. आकड्यांतही मेख असते. 'पाच हजार' म्हणजे पाच हजार केस की पाच हजार ग्राफ्ट, हे विचारावं लागतं. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस धरले तर फरक दुपटीचा पडतो.

आणि जिवाचाही प्रश्न आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यापाऱ्यावर एका बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्टचं रोपण झालं. काम मध्यरात्र उलटून चाललं. त्यानंतर त्याची प्रकृती बिघडली आणि दोन दिवसांच्या आत तो दगावला. २०२५ मध्ये कानपूरमध्ये केसरोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाल्याची प्रकरणं पुढे आली आणि एका दंतवैद्यक महिलेवर गुन्हा दाखल झाला. ही शस्त्रक्रिया भूल न देता, जागा बधिर करून होते, म्हणून लोक तिला पार्लरच्या पंगतीत बसवतात. पण बधिर करणाऱ्या लिग्नोकेनला मर्यादा आहे : ॲड्रिनॅलिनसोबत दिलं तर दर किलो वजनाला साधारण सात मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे अवघे २१ मिलिलिटर. शल्यक ते पातळ करून, वाटून वापरतात. बैठक जितकी लांबते तितक्या सुया वाढतात, आणि मर्यादा ओलांडली तर आधी झटके येतात, मग हृदय अडखळतं. ॲलर्जीचा तीव्र झटका तर पहिल्या सुईलाही येऊ शकतो. तेव्हा खोलीत प्राणवायू, ॲड्रिनॅलिन आणि ते वापरता येणारा माणूस असावा लागतो.

तो माणूस कोण असावा, याचं उत्तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलं आहे. दिल्लीतल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर उच्च न्यायालयाने या बेबंद धंद्याची दखल घेतली होती. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केसरोपण हे रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ अशांचं काम आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं आयोगाला लिहावं लागलं, यातच बाजाराची अवस्था कळते. मदतनीस मदत करू शकतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी डॉक्टर सकाळी पेनाने कपाळावर रेघ आखून निघून जातात आणि पुढचे आठ तास पंच तंत्रज्ञाच्या हातात असतो. एफयूई इतकी फोफावण्यामागे हेही एक कारण आहे. पट्टी काढून शिवायला शल्यक लागतोच. पंच फिरवायला कुणीही शिकाऊ चालतो, असा समज धंद्याने करून घेतला. टाका नको असलेला रुग्ण नकळत शल्यकालाही खोलीबाहेर काढत असतो.

हे सगळं टक्कल आनुवंशिक असेल तर. ते तसंच आहे का, हे आधी पाहावं लागतं, आणि याचा मोठा धडा वऱ्हाडातच मिळालेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोकं गुळगुळीत. लहान मुलं, बायका, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढलेलं आणि जस्त घटलेलं आढळल्याचं त्यांनी मांडलं. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले. त्या गावांतल्या एखाद्या घाबरलेल्या तरुणाला त्या आठवड्यात कुणी रोपणाचं पॅकेज विकलं असतं, तर मागच्या डोक्यावर काढायला केसच नव्हते, हे एक. आणि असते तरी ते वाया गेले असते, हे दुसरं.

इतकं नाट्यमय नसलं तरी चाई, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती, बाळंतपणानंतरची गळती, थायरॉइड, रक्तातल्या लोहाची कमतरता, मुलांतला बुरशीचा नायटा या सगळ्यांत केस जातात आणि एकातही रोपण हा पहिला उपाय नाही. अमरावतीत पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात हे निदान होतं आणि त्याला पॅकेज लागत नाही. टक्कल आनुवंशिकच ठरलं, तरी आधी मिनॉक्सिडिल आणि पुरुषांत फिनास्टेराइड ही औषधं निदान वर्षभर द्यावीत, हा शिरस्ता आहे. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांत लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. औषधाने उरलेले केस टिकले तर रोपणाची गरज घटते. रोपण झालं तरी औषध सुटत नाही, कारण लावलेले केस टिकले तरी त्यांच्या शेजारचे गळत राहतात. पॅकेज विकणारा हे दर वेळी सांगेलच असं नाही.

पैशांचा भाग उरतो. आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे. पण ती सूट देताना सरकारने केसरोपणाचं नाव घेऊन ते बाहेर ठेवलं आहे, म्हणून बिलावर १८ टक्के चढतात. आरोग्य विम्याचाही सहसा उपयोग होत नाही. म्हणून हप्त्यांची सोय. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. लग्नासाठी, सणासाठी कर्ज काढू नका, हे ते गावोगाव कीर्तनातून कानीकपाळी सांगत फिरले. लग्नासाठी केस आणि केसांसाठी कर्ज, ही साखळी त्यांच्या वेळी नव्हती. ती जोडताना त्यांच्याच परिसरातल्या बापाने सोयाबीनचा पैसा किंवा पीककर्जाची रक्कम पुढे करावी, हे बघवत नाही. अर्थात, टकलामुळे मनाने खचलेल्या तरुणाला 'केसांत काय ठेवलंय' असं म्हणणंही सोपं आणि निष्ठुर आहे. तिशीतला, टक्कल स्थिरावलेला, औषध चालू असलेला आणि स्वतःच्या कमाईतून खर्च करणारा माणूस ही शस्त्रक्रिया करून घेत असेल तर त्यात गैर काही नाही. तिचे निकाल चांगल्या हातात खरोखर चांगले येतात.

त्याने जाऊन विचारायचं ते असं : डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तो कोणत्या पदवीने नोंदलेला आहे, पंच किंवा पातं कोण चालवणार आणि तो पूर्ण वेळ खोलीत असणार का, माझ्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यात एकूण किती ग्राफ्ट निघतील आणि आज त्यातले किती खर्च करणार, एका दिवसात अडीच-तीन हजारांवर जाणार असाल तर का, टाक्याची पद्धत तुम्ही करता का, आणि मला ती का नको, औषध किती वर्षं घ्यायचं. ही उत्तरं ग्राफ्टच्या दरापेक्षा जास्त सांगून जातात. जिथे पहिल्या भेटीत डॉक्टर भेटतच नाही आणि गोड बोलणारा सल्लागार आजच्या सवलतीची मुदत सांगतो, तिथून उठून यावं.

आणि तारीख ठरवताना कॅलेंडर पाहावं. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत बहुतेक गळून जातात. मुळं आत राहतात. नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकं वर काढतो आणि पूर्ण निकालाला वर्ष लागतं, टाळूवर त्याहूनही जास्त. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरला असेल आणि रोपण दिवाळीत केलं असेल, तर बोहल्यावर उभा राहणारा नवरदेव आधीपेक्षाही विरळ दिसेल. अमरावतीच्या एप्रिल-मे मधल्या उन्हात, घामात आणि धुळीत ताजी जखम सांभाळणंही सोपं नाही. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की मग, आणि पुढच्या हंगामाच्या लग्नासाठी.